उडालेल्या कोशाचं लुगडं

माझी ट्रंक सासरी पहिल्यांदा नीट उघडली गेली तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी तळातलं लुगडं बाहेर काढलं, पदर दोन बोटांत धरून चोळला आणि सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आत्याबाई, आवंदा बाजरीला पोती कमी पडायची न्हाईत बगा."

सगळं घर हसलं. मीही हसले. नव्या सुनेनं हसण्यात मागं राहू नये, एवढं मला तोवर कळलं होतं.

ते लुगडं कोशाचं होतं. माझ्या माहेरी, भंडाऱ्याच्या जंगलपट्टीत, रेशमाला कोसाच म्हणतात. रंग मधात राख कालवल्यासारखा, काठ बोटभर लाल, जर नाही, चकाकी नाही. हाताला खरखर लागे आणि उन्हात धरलं तर धाग्यात जागोजागी बारीक गाठी दिसत. आईनं माझ्या लग्नासाठी त्याचा धागा स्वतः मांडीवर वळला होता. मला देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं. तिकडे ते लुगडं पाहायला शेजारणी आल्या होत्या. इकडे त्याचं पोतं झालं.

इकडे म्हणजे कोल्हारला, प्रवरेच्या काठच्या मळ्यात. बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आदलं वर्ष ते. माझे चुलत सासरे रेल्वेत होते, भंडारा रोड स्टेशनावर. त्यांनीच हे स्थळ जुळवलं. रात्रंदिवस गाडी, मग मनमाडला उतरून एस.टी., आणि कोपरगाव गेलं, राहाता गेलं तरी सासर येईना. एस.टी.त मला वांत्यांनी हैराण केलं होतं. फाट्यावर उतरले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, घ्यायला उभे होते. त्यांनी माझी ट्रंक सरळ डोक्यावर घेतली. पारावरचं कुणीतरी ओरडलं, "काय राव, सुनंचं वझं सासऱ्याच्या डोस्क्यावर?" मामंजी चालता चालता म्हणाले, "माझ्याच घरी चाललंय न्हवं? मंग वझं कुनाचं?"

तेव्हापासून मी त्या माणसाची झाले. बाकी सगळ्यांची मला भीती वाटायची. शाळा सहावीत सुटलेली. सुटली म्हणजे आईनं सोडवली, कारण कोसे उकळायच्या दिवसांत घरात हात कमी पडत. इकडचं बोलणं वेगळं, भाकरी वेगळी, कुणी रागावून बोललं की चेष्टेनं तेही कळायचं नाही. मी प्रत्येक वाक्याला तिकडच्या सवयीनं 'जी' लावायची. जाऊबाई माझी नक्कल करायच्या, "व्हय जी, न्हाई जी, म्हशीला पानी दावलं जी." मामंजी त्यांना म्हणाले, "म्हनू दे तिला. देवाला हाळी दिल्यावानी वाटतं." त्यानंतर मी जी जास्तच म्हणू लागले.

मामंजी माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. मुंग्यांच्या रांगेशी साखर टाकून मगच ते स्वतः चहा घेत. घरात ढेकूण झाले तर खाट उन्हात उभी करून म्हणत, "जावा बाबांनो आता दुसरीकडं." दुसरीकडं म्हणजे चुलत्यांच्या घरी, असं जाऊबाई सांगायच्या, आणि तिकडून तक्रारही आली होती म्हणे.

त्यांची रोजची देवपूजा पीतांबर नेसून चाले. पिवळाधमक, तळहाताएवढ्या काठाचा, येवल्याचा. त्यांच्या लग्नातला होता. रेशमाला विटाळ नसतो, असं सासूबाई सांगत. त्यामुळे तो पीतांबर कधी धुतलेला कुणी पाहिला नव्हता, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर मामंजी पूजेला बसल्याचं माजघरात न बघताही कळायचं.

त्या घराची रीत अशी, की नवरात्रात घट बसताना घटाजवळ जायचं तर अंगावर रेशीम हवं. रेशीम नसेल त्यानं अंघोळ करून ओलेत्यानं, निथळत्या कपड्यात, नैवेद्य होईपर्यंत बसायचं. आणि नव्या सुनेनं पहिल्या वर्षी घटाचा पहिला नैवेद्य स्वतः वाढायचा. पितृपंधरवडा, इकडचा पितृपाटा, सुरू झाल्यावर सासूबाईंनी ही रीत मला सांगितली आणि शेवटी विचारलं, "तुझ्याकडं रेशीम हाय का गं?"

"आहे जी," मी म्हणाले. "कोशाचं."

"त्ये?" जाऊबाई म्हणाल्या. "त्ये पोतं?"

जाऊबाईंचं माहेर येवल्याच्या अंगाला. मागाचा खटखटाट ऐकत त्या वाढलेल्या, त्यामुळे रेशमाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. एरवी सासूबाईंचा.

"नायलॉन असंल," सासूबाई म्हणाल्या. त्या वर्षी नायलॉन जिकडे तिकडे झालं होतं. न कळणाऱ्या कुठल्याही कापडाला त्या नायलॉनच म्हणत.

"नायलॉन न्हाई, आंबाडी हाय," जाऊबाई.

"रेशीमच आहे जी," मी म्हणाले. ओलेत्यानं बसायचं मला काहीच नव्हतं. पण आईनं मांडी सोलवटेपर्यंत वळलेल्या धाग्याला ही माणसं आंबाडी म्हणणार आणि मी ऐकून घेणार?

जाऊबाई म्हणाल्या, "मंग जाळून बगू. सूत आसंल तर कागदावानी जळतंय. रेशीम आसंल तर गोळी हुती आन् केस जळल्याचा वास येतो."

ओसरीवरच परीक्षा झाली. जाऊबाईंनी लुगड्याच्या दशांतून धागा ओढला आणि चिमणीच्या ज्योतीवर धरला. धागा आकसला, टोकाला काळा मणी झाला. जाऊबाईंनी तो बोटांत चुरडला, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी वास घेतला. आमचे हे नुकतेच पाणी भरून आले होते, त्यांनीही घेतला.

"केसच की," हे म्हणाले.

मी जिंकले होते. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच कशात तरी जिंकले होते.

मामंजी पूजा आटोपून, पीतांबरातच, खांबाला टेकून चहाची वाट बघत होते. त्यांनीही नाक वर करून वास घेतला आणि सहज विचारलं, "पन पोरी, झाडाच्या धाग्याला केसाचा वास कसा गं?"

त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, की रेशीम कपाशीसारखं झाडाला लागतं. झाड इकडचं नव्हे, लांबच्या कुठल्या मुलखातलं, एवढंच.

आणि मी, जिंकलेली, तोंड बंद ठेवू शकले नाही. मी सांगत सुटले. झाडाला नाही जी मामंजी, झाडावर अळी असते, हिरवीगार, बोटाएवढी. येनाच्या झाडावर. पाखरं खातात म्हणून आम्ही दिवसभर गोफण घेऊन राखण करतो. मग ती तोंडातून धागा काढते आणि स्वतःभोवती घर बांधते, सुपारीसारखं टणक, त्यालाच कोसा म्हणतात जी. मग ते कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे, की धागा सुटतो...

"आन् अळी?" मामंजींनी विचारलं.

"आतच असते जी."

"आत म्हंजी? उकळताना बी?"

"हो जी," मी म्हणाले.

माझं इतकं वाईट 'हो जी' त्या घरात पुन्हा कधी झालं नाही.

मामंजींनी आपल्या मांडीकडे पाहिलं. पिवळ्या रेशमाकडे. अंगावर मुंगी चढली आहे आणि तिला दुखवायचं नाही, अशा बेतानं ते हळूच उठले, आत गेले, आणि साधं धोतर नेसून बाहेर आले. पीतांबर घडी करून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. "ठिवा," एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला. मुंग्यांना मात्र त्यांनी साखर टाकली. जरा जास्तच टाकली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोजची पूजा ओलेत्यानं करू लागले.

आता नदीकाठच्या मळ्यातल्या त्या पहाटा. पितृपाट्यात वाऱ्याला अजून थंडीचा दात नसतो, पण ओल्या धोतरात बसणाऱ्याला तो असतो. मामंजींची छाती आधीच हलकी, जुना खोकला. चार पूजांनंतर तो वर आला. एका हातानं घंटा वाजवायची, दुसऱ्या हातानं छाती धरायची. आणि अजून नवरात्राचे सगळे दिवस पुढे उभे होते, घटापुढे तास तास बसायचं होतं. वैद्य म्हणाले, ओल्यात बसू नका. मामंजी म्हणाले, बरं. आणि बसले.

मी चुलीपुढे बसून तो खोकला ऐकायची आणि प्रत्येक ढासेला वाटायचं, ही माझ्यामुळं. ज्या माणसानं माझी ट्रंक डोक्यावर घेतली, त्याच्या छातीवर मी काय ठेवलं.

सासूबाई मला थेट काही बोलल्या नाहीत. त्या भिंतीला बोलत. "सहावीत साळा सोडलेली पोरगी हाय म्हनं. पुरी शिकली असती तर गाव इकायला काढलं असतं." जाऊबाई त्या भिंतीला दुजोरा देत, पण त्यांच्या मनाला दुसरंच लागलेलं होतं. त्यांच्या ट्रंकेत त्यांची स्वतःची पैठणी होती, आणि ती नेसून त्या घटापुढे आल्या तर सासरे काय म्हणतील, हे त्यांना कळेना. मला एकटीला गाठून त्यांनी विचारलं, "का गं, येवल्याच्या रेशमात बी आळ्या उकळत्यात का?"

"हो जी. ती अळी वेगळी, तुतीची. पण उकळतात जी."

"तुला कुनी इचारलं हुतं का तवा?" म्हणून त्या फणकाऱ्यानं गेल्या. धागा जाळायला मी सांगितलं होतं का, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

आमचे हे फारच वाह्यात. मी डोळे पुसताना दिसले तर म्हणाले, "काय, मनमाडपत्तुर सोडायला येऊ का?" मी ट्रंकेत कपडे भरू लागले. तेव्हा त्यांची तारांबळ. "आगं, चेष्टा हुती. ठिव ती चोळी खाली. आई बघंल ना."

पितरांच्या अमावास्येला, घट बसायच्या आदल्या दुपारी, सासूबाईंचा संयम संपला. मामंजी ओसरीवर खोकत पत्रावळी लावत होते. सासूबाई कंबरेवर हात देऊन समोर उभ्या राहिल्या.

"म्या इचारते, नांगर धरता तवा फाळाखाली गांडुळं मरत्यात. ती काय तुमची माळ बघून बाजूला सरत्यात?"

मामंजी पत्रावळीला काडी टोचत राहिले.

"सांगा की!"

"त्ये पोटासाठी हाय," मामंजी म्हणाले. "पोटाला माफी मागता येती. पन देवाम्होरं नटून बसायला कुनाला उकळलं, त्याची माफी कुनाकडं मागू? देवाकडंच?"

सासूबाई आत गेल्या आणि भांडी आपटण्याचा आवाज आला.

मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. कुनाला उकळलं, म्हणाले ते. आणि मला वाटलं, सगळ्यांनाच कुठं उकळतात?

मी ट्रंकेकडे गेले. तळाशी, कोपऱ्यात, आईनं एक कोसा ठेवला होता. दृष्ट लागू नये म्हणून त्यात मोहऱ्या घालून भोक कापसानं बुजवलेलं. लहानपणी आम्ही असेच कोसे खुळखुळ्यासारखे वाजवायचो. मी कापूस काढला, मोहऱ्या मुठीत घेतल्या, आणि ओसरीवर जाऊन तो कोसा मामंजींच्या पत्रावळीवर ठेवला.

"हे काय?"

"कोसा जी. ह्याला भोक आहे, बघा."

त्यांनी तो उचलला. करंगळी भोकात घालून पाहिली. मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघितलं.

"आत कुनी न्हाई."

"ते उडून गेलं जी. पुढल्या वर्षीच्या बियाण्याला काही कोसे उकळत नाहीत. त्यांच्या माळा करून आढ्याला टांगतात. मग आतली अळी पाखरू होते, तोंडानं कोसा ओला करते, धागे बाजूला सारते, आणि बाहेर येते. एवढे पंख असतात जी." मी तळहात पसरले, मोहऱ्या सांडल्या.

"ह्याच दारानं?"

"त्याच दारानं जी."

ते भोकाकडे बघत राहिले. मी घाईनं पुढचं सांगितलं, कारण थांबले असते तर धीर गेला असता. "दार पडलं की त्या कोशाचा सलग धागा निघत नाही. तुटका निघतो. तो जोडून जोडून मांडीवर वळावा लागतो. म्हणून गाठी पडतात, म्हणून कापड खरखरीत होतं, कुणी विकत घेत नाही. माझ्या आईला सलग कोसे परवडत नव्हते जी. तिनं माझं लुगडं ह्या उडालेल्या कोशांचं केलं."

जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागं आमचे हेही.

मामंजींनी विचारलं, "समदं लुगडं उडालेल्याचं?"

हे माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. म्हण हो. एक शब्द म्हण आणि सुटू दे. पण खोटं बोलून ते कापड मामंजींच्या अंगावर घालायचं माझ्यानं होईना. वरून मला भीती, की देवीला कळेल.

"आडवा धागा सगळा आईनं वळलेला, तो उडालेल्याचा जी. उभा धागा विणकरानं त्याचा घातला. त्याचं मला ठाऊक नाही."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

मामंजी खोकू लागले. खूप वेळ खोकले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यातलं निम्मं हसणं होतं.

"निम्मं तरी उडालं न्हवं?" ते म्हणाले. "येवल्याच्यात तर एक बी उडालं नसंल. आडव्याचं म्या बघतो. उभ्याचं देवीला इचारू. आन हिकडं तुझं लुगडं."

जाऊबाईंना आता काहीतरी करायचं होतं. "कात्री आनू का? मामंजींना धोतरापुरतं फाडू, ऱ्हायलेलं हिला."

"कात्री लावायची न्हाई," मामंजी म्हणाले. "तिच्या आईनं अख्खं दिलंय. अख्खं नेसंन."

म्हणजे मला उद्या ओलेत्यानं बसायचं, हे ठरलं. मला काही वाटलं नाही. उलट मी इतकी आनंदात होते की रात्रीची भाकरी करपवली, आणि त्याबद्दल सासूबाई भिंतीला नव्हे, मला बोलल्या. तेही बरं वाटलं.

पहाटे मी विहिरीवरून निथळत मागच्या दारी आले, दात वाजत होते. सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात हिरवा शालू होता, त्यांच्या लग्नातला. तो मी कधी पाहिलाच नव्हता.

"हे नेस."

"पण आत्याबाई, उकळलेल्या..."

"माझ्या गळ्यात माळ हाय का? न्हाई. तुझ्या हाय? न्हाई. मंग नेस गुमान. घरात खोकनारं एक पुरं हाय."

मी नेसले. शालूला कापराचा वास होता आणि तो माझ्या अंगावर अलगद बसला. जाऊबाई पैठणी नेसून आल्या, मला बघितलं, आणि म्हणाल्या, "मला सात जल्मात दावला नव्हता गं ह्यो." मग माझ्या निऱ्या नीट करायला वाकल्या.

तेवढ्यात मामंजी माजघरातून आले.

नऊवारी लुगडं, अख्खं. नेसणारा माणूस काडीसारखा. धोतर नेसून उरलेलं कापड त्यांनी कंबरेला गुंडाळलं होतं, त्यावरही उरलं ते छातीला, त्यावरही उरलं ते खांद्यांवरून फिरवून पुन्हा पोटाशी खोचलं होतं. मधाच्या रंगाचं ते सगळं. वर फक्त डोकं आणि खाली पावलं. चालताही येईना. ते तुरुतुरु आले, पाटावर कसेबसे टेकले, आणि समाधानानं आमच्याकडे बघू लागले.

कुणी हसेना. सणाचा दिवस, घट मांडलेला, सासरे पाटावर. ह्यांचे खांदे हलत होते. जाऊबाईंनी पैठणीचा पदर तोंडात कोंबला.

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काल तू दावलास त्यो कोसा, त्यो ह्योच का गं?" त्यांनी मला विचारलं. "मंग भोक कुठं हाय? नैवेद्याला ह्यांनी हात कुठनं बाहीर काढायचा?"

मग सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. पहिल्या दिवशीसारखं नाही, खरं हसले. मामंजींनी त्या गुंडाळ्यातून खरंच हात बाहेर काढायची धडपड केली, काढला, आणि घंटा उचलली.

"बगा," ते म्हणाले, "आडव्या धाग्यानं वाट दिली."

"उब लागती का?" सासूबाईंनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"लई," मामंजी म्हणाले.

घंटा वाजली. मी नैवेद्याचं ताट घेऊन पुढे झाले. ताट ठेवताना त्या ढासेसाठी कान देऊन होते, पण घंटेशिवाय दुसरा आवाज आला नाही.